विश्लेषण : घामाला वास नसतो, मग दुर्गंधी येते कुठून? अतिघामावर कोणता उपाय खरा?

उन्हाळा सुरू झाला की मेडिकलच्या काउंटरवर डिओच्या बाटल्यांची रांग लागते. गर्दीच्या लोकलमध्ये कडी धरायला हात वर करण्याआधी नजर आपोआप स्वतःच्याच काखेकडे जाते. बाटली घेणारे साधारण तीन प्रकारचे असतात. एकाला घाम फार येतो, पण वास नसतो. दुसऱ्याला घाम बेताचाच, पण दुपारपर्यंत शर्टाला वास येऊ लागतो. तिसऱ्याच्या तळहातांतून पंख्याखाली बसूनही पाणी ठिबकते आणि हा उपचार असलेला आजार आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. तिघांचा प्रश्न वेगळा, उपाय वेगळा. पैसे मात्र एकाच बाटलीवर खर्च होतात. घाम आणि वास या दोन वेगळ्या तक्रारी कशा, कोणत्या तक्रारीवर काय लागू पडते आणि डॉक्टरांकडे कधी जायचे, याचा हा आढावा.

घाम येतोच कशासाठी?

शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवण्यासाठी. माणसाच्या त्वचेत अंदाजे २० ते ४० लाख घामग्रंथी असतात. शरीर तापले की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग मज्जातंतूंमार्फत त्यांना सुरू होण्याचा आदेश देतो. गारवा मिळतो तो घाम येण्याने नव्हे, तर घाम वाळण्याने. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, तेच हे तत्त्व.

नागपुरात पारा ४४ अंशांवर असताना घाम आल्याचे कळतही नाही, कारण हवा कोरडी असते आणि तो लगेच उडून जातो. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात ३३ अंशांतही माणूस निथळतो, कारण हवेत आधीच इतकी वाफ असते की घामाला जायला जागा नसते. विदर्भात चालणारा कूलर किनारपट्टीवर फारसा उपयोगी पडत नाही, त्याचेही कारण हेच. त्यामुळे दमट शहरात राहणाऱ्याला शर्ट भिजतो म्हणून आजार आहे, असे लगेच समजण्याचे कारण नाही.

मग वास कुठून येतो?

घामग्रंथी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या एक्राइन ग्रंथी. त्या जवळपास सर्वांगावर असतात, तळहात, तळपाय आणि कपाळावर जास्त दाट असतात. त्यांचा घाम म्हणजे प्रामुख्याने मीठ-पाणी. दुसऱ्या ॲपोक्राइन ग्रंथी. त्या काख, जांघ अशा मोजक्याच ठिकाणी असतात आणि वयात येताना सक्रिय होतात. लहान मूल दिवसभर खेळून आले तरी त्याला मोठ्या माणसासारखा काखेचा वास येत नाही, तो यामुळेच. या ग्रंथींच्या स्रावात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनांचे अंश असतात.

हा स्रावही ताजा असताना जवळजवळ गंधहीन असतो. वास तयार करतात ते काखेत वस्तीला असलेले जिवाणू. ते स्रावातील घटकांचे तुकडे करतात आणि त्यातून उग्र वासाची आम्ले व गंधकयुक्त संयुगे हवेत उडतात. २०२० मध्ये ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘स्टॅफिलोकोकस होमिनिस’ या जिवाणूतील असे तुकडे करणारे एक एन्झाइम दाखवून दिले होते. तात्पर्य असे की, दुर्गंधी हा प्रामुख्याने जिवाणूंचा प्रश्न आहे आणि अतिघाम हा मज्जातंतूंच्या आदेशाचा. पहिल्याला स्वच्छता व जिवाणूंवरचा उपाय लागतो, दुसऱ्याला ग्रंथी शांत करणारा.

काही जणांना वास येतच नाही, हे खरे का?

हो. ‘एबीसीसी११’ नावाच्या जनुकाचा एक प्रकार असलेल्या व्यक्तींच्या काखेतील स्रावात वासाचा कच्चा मालच फारसा उतरत नाही. पूर्व आशियात, विशेषतः कोरिया, चीन आणि जपानमध्ये, हा प्रकार बहुसंख्य लोकांत आढळतो. याच जनुकावर कानातला मळ ओला असणार की कोरडा, हेही ठरते. ज्यांचा मळ कोरडा आणि भुसभुशीत, त्यांच्या काखेला वास कमी.

२०१३ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे साडेसहा हजार ब्रिटिश महिलांची माहिती तपासली. त्यातील जवळपास २ टक्के महिलांमध्ये हा ‘बिनवासाचा’ प्रकार होता. तरीही त्यांच्यापैकी बहुतेक जणी नियमित डिओ वापरत होत्या. गरज नसताना लागलेल्या या सवयीचे मूळ जाहिरातीच्या इतिहासात सापडते.

घामाची बाटली वासाच्या भीतीवर कशी विकली गेली?

दुर्गंधी रोखणारे पहिले व्यापारी उत्पादन १८८८ मध्ये अमेरिकेत आले. ‘मम’ हे त्याचे नाव. घाम रोखणारे ‘एव्हरड्राय’ १९०३ मध्ये आले. पण खरी कलाटणी दिली ‘ओडोरोनो’ने. सिनसिनाटीतील एका डॉक्टरने शस्त्रक्रिया करताना स्वतःच्या हातांना घाम येऊ नये म्हणून एक द्रव तयार केला होता. त्याची मुलगी एडना मर्फी हिने तो काखेत लावून पाहिला आणि विक्रीचा व्यवसाय सुरू केला.

विक्री थंडावली तेव्हा जाहिरातलेखक जेम्स वेब यंग याने १९१९ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’मध्ये एक जाहिरात दिली. तुमच्या मागे लोक तुमच्या वासाबद्दल बोलतात आणि तुम्हाला कुणी सांगत नाही, असा तिचा सूर होता. सुमारे २०० वाचकांनी संतापून मासिक बंद केले. पण वर्षभरात विक्री दुपटीहून अधिक झाली. हातांच्या घामावर बनलेले द्रावण असे काखेच्या वासाच्या भीतीवर विकले गेले. घाम म्हणजेच वास, हा गोंधळ शंभर वर्षांनंतरही कायम आहे.

डिओ आणि अँटिपर्स्पिरंट यांत फरक काय?

भारतात बोलताना सगळ्यालाच ‘डिओ’ म्हटले जाते. प्रत्यक्षात डिओडरंट वास झाकते किंवा जिवाणू कमी करते, घाम थांबवत नाही. बाजारातील अनेक स्प्रे तर नुसते सुगंध आणि अल्कोहोल असतात. अँटिपर्स्पिरंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामात विरघळून ग्रंथीच्या तोंडाशी जेलीसारखा तात्पुरता बूच तयार करतात आणि घाम बाहेर येणे कमी होते. म्हणून बाटलीच्या पुढच्या चित्रापेक्षा मागची बारीक अक्षरे महत्त्वाची. घटकांच्या यादीत ‘ॲल्युमिनियम’ हा शब्द नसेल, तर त्या बाटलीने घाम कमी होण्याची अपेक्षा ठेवू नये.

दुसरी चूक वेळेची. बहुतेक जण आंघोळ करून, घाईत, ओलसर काखेत रोल-ऑन फिरवतात आणि लगेच उन्हात पडतात. घाम सुरू असताना बूच तयार होण्याआधीच औषध वाहून जाते. अँटिपर्स्पिरंट रात्री झोपण्यापूर्वी, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावावे, कारण झोपेत घाम सर्वांत कमी येतो. सकाळी धुऊन टाकले तरी परिणाम टिकतो. डॉक्टर लिहून देतात ते १० ते २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावणही असेच वापरायचे. सुरुवातीला रोज रात्री आणि फरक पडला की आठवड्यातून एक-दोनदा. दाढी केल्याप्रमाणे काख साफ केली असेल, तर त्या रात्री लावू नये. कोरड्या न केलेल्या त्वचेवर लावले तर जळजळ होते आणि ‘मला हे सोसत नाही’ म्हणून बाटली पडून राहते.

ॲल्युमिनियममुळे कर्करोग होतो का?

व्हॉट्सॲपवर अनेक वर्षे फिरणारा हा दावा. अँटिपर्स्पिरंटमुळे स्तनाचा कर्करोग होतो, असे आजवरच्या संशोधनातून सिद्ध झालेले नाही. अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटी यांची भूमिकाही हीच आहे. घामावाटे शरीरातील ‘विष’ बाहेर पडते आणि ते अडल्याने गाठ होते, या तर्कालाही आधार नाही. शरीरातील टाकाऊ पदार्थ काढण्याचे काम प्रामुख्याने यकृत आणि मूत्रपिंडे करतात. मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी असे उत्पादन डॉक्टरांना विचारूनच वापरावे, कारण ॲल्युमिनियम शरीराबाहेर टाकण्याची त्यांची क्षमता कमी झालेली असते.

तुरटी, लिंबू, सोडा... घरगुती उपायांचे काय?

तुरटी हा यातला सर्वांत पटण्याजोगा उपाय. तुरटी म्हणजेही ॲल्युमिनियमचाच क्षार. न्हाव्याच्या दुकानात दाढीनंतर ती फिरवतात तेव्हा त्वचा आक्रसल्यासारखी वाटते. काखेत ती जिवाणूंची वाढ रोखते, त्यामुळे वास कमी होतो. घामावर तिचा परिणाम मात्र बेताचाच.

लिंबू चोळण्याचा सल्ला धोक्याचा आहे. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर चट्टे, फोड आणि नंतर महिनोन्महिने टिकणारे काळे डाग पडू शकतात. खाण्याचा सोडा वास काही वेळ मारतो, पण रोजच्या वापराने काख लाल होते, खाजते. टाल्कम पावडर घाम थांबवत नाही. ओल्या काखेत ती लगदा होऊन बसते. चंदन, वाळा, उटणे यांचा सुगंध आणि गारवा सुखद असला, तरी तो डिओच्याच वर्गात मोडतो.

सर्वांत महागात पडणारा घरगुती उपाय म्हणजे मेडिकलमधून विचारून आणलेली ‘खाजेची ट्यूब’. घामाने ओल्या राहिलेल्या जांघेत नायटा होतो. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आतून पसरत राहते आणि त्वचा पातळ होते. देशभरातील त्वचारोगतज्ज्ञांसाठी हा गेल्या काही वर्षांतला मोठा डोकेदुखीचा विषय ठरला आहे.

तक्रार फक्त वासाची असेल तर काय करावे?

आधी जिवाणूंची संख्या आणि त्यांचे खाद्य कमी करायचे. रोज काख, जांघ आणि पाय साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. काखेतील केस कमी ठेवल्यानेही फरक पडतो. एवढ्याने भागले नाही तर बेंझॉइल पेरॉक्साइड असलेला वॉश आठवड्यातून काही वेळा काखेत एक-दोन मिनिटे ठेवून धुण्याचा सल्ला डॉक्टर देतात. त्याने रंगीत टॉवेल आणि बनियनवर पांढरे डाग पडतात, हे लक्षात ठेवावे.

पुष्कळदा वास अंगाचा नसून कपड्याचा असतो. बेल्जियममधील गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ जणांचे व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले. सुती कपड्यांपेक्षा पॉलिएस्टरचे कपडे जास्त वास मारत होते, कारण वास निर्माण करणारे जिवाणू त्या धाग्यावर अधिक फोफावतात. ऑफिसचा ‘इस्त्री न लागणारा’ शर्ट, जिमची जर्सी आणि डिलिव्हरी कामगारांचे टी-शर्ट बहुधा याच कापडाचे असतात. असे कपडे घामट अवस्थेत बादलीत कोंबून ठेवू नयेत, उलटे करून धुवावेत आणि शक्यतो उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात अर्धवट वाळलेल्या कपड्यांचा कुबट वासही जिवाणूंचाच असतो.

पायांच्या बाबतीत एकच बूट रोज घालणे हे वासाचे मोठे कारण. बूट पूर्ण वाळायला वेळ लागतो, म्हणून दोन जोड आलटूनपालटून वापरावेत. टाचेवर, चवड्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसत असतील तर तो जिवाणूंचा त्वचारोग असू शकतो. तो लावायच्या प्रतिजैविक औषधाने बरा होतो. लसूण, कांदा, मद्य यांनी अंगाचा वास बदलतो. मेथीनेही घामाला वेगळा गोडसर वास येतो, पण तो आजार नव्हे.

किती घाम म्हणजे ‘जास्त’?

लिटरमध्ये मोजून हे ठरत नाही. वैद्यकीय भाषेत अतिघामाला ‘हायपरहायड्रोसिस’ म्हणतात. दुसरे कोणतेही कारण नसताना तळहात, तळपाय, काख किंवा चेहरा अशा ठरावीक भागात किमान सहा महिने उघड दिसेल इतका घाम येत असेल, तर डॉक्टर पुढील गोष्टी विचारतात : तो दोन्ही बाजूंना सारखाच येतो का? आठवड्यातून किमान एकदा येतो का? वयाच्या पंचविशीआधी सुरू झाला का? घरात आणखी कुणाला आहे का? झोपेत थांबतो का? रोजच्या कामात अडथळा येतो का? यापैकी दोन किंवा अधिक उत्तरे ‘हो’ असतील, तर हा प्राथमिक अतिघाम मानला जातो. बहुतेक वेळा त्यासाठी महागड्या तपासण्यांची गरज नसते.

अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील सुमारे ४.८ टक्के लोकांना, म्हणजे दीड कोटींहून अधिक जणांना, हा त्रास होता. त्यातील जवळपास निम्म्यांनी कोणत्याही डॉक्टरकडे हा विषय काढलेला नव्हता.

त्याने नेमके अडते काय?

‘घामच तर आहे’ असे म्हणणाऱ्याला हे चटकन दिसत नाही. परीक्षेत मनगटाखाली रुमाल ठेवून लिहिणारा विद्यार्थी उत्तरपत्रिका ओली होऊ नये म्हणून पेन कमी आणि हात जास्त पुसत असतो. ओएमआर शीटवर तर कागद ओलसर झाला की गोल नीट रंगवणेच अवघड होते. ओल्या बोटांचे ठसे हजेरीच्या यंत्राला किंवा रेशन दुकानातील मशीनला वाचता येत नाहीत. फोनचे लॉक उघडत नाही. वर्कशॉपमध्ये पॉलिश केलेल्या सुट्या भागावर ओल्या बोटांचे ठसे उमटतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे गंज दिसतो. मुलाखतीत हात मिळवण्याआधी तो पँटला पुसला जातो आणि तेवढीच हालचाल समोरच्याच्या लक्षात राहते.

चिंतेने घाम वाढतो आणि घामाने चिंता. पण मूळ स्वभावात नसते. या व्यक्तींच्या घामग्रंथींची संख्या सहसा सामान्यच असते, त्यांना आदेश देणारी यंत्रणा गरजेपेक्षा जास्त तत्पर असते. ‘घाबरट आहे म्हणून घामाघूम होतो’ हा घरातला शेरा त्यामुळे चुकीचा तर असतोच, शिवाय त्याने डॉक्टरकडे जाणे लांबते.

घाम दुसऱ्या आजाराचे लक्षण कधी असतो?

घाम सर्वांगाला येत असेल, पंचविशीनंतर अचानक सुरू झाला असेल, एकाच बाजूला येत असेल किंवा झोपेत कपडे-चादर भिजवत असेल, तर डिओ विकत घेण्याआधी तपासणी हवी. थायरॉइडची अतिक्रियाशीलता, रजोनिवृत्ती, काही संसर्ग, रक्ताचे काही कर्करोग आणि नैराश्यावरील काही गोळ्या यांमुळे असा घाम येऊ शकतो. गोळी स्वतःहून बंद करू नये, लिहून देणाऱ्या डॉक्टरला सांगावे.

रात्रीचा घाम, सोबत दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप आणि घटणारे वजन ही क्षयरोगाची लक्षणे असू शकतात. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. सरकारी रुग्णालयात तपासणी आणि उपचार मोफत होतात. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याला अचानक घाम, थरथर आणि धडधड झाली तर साखर उतरलेली असू शकते. अशा वेळी लगेच साखर किंवा गोड द्यावे. आणि छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणे, मळमळ यांसोबत थंड घाम सुटला, तर ॲसिडिटी समजून वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

डॉक्टरांकडे कोणते उपचार असतात?

हे उपचार पायऱ्यांनी चढायचे असतात. पहिली पायरी ॲल्युमिनियम क्लोराइड. पुढची पायरी घाम कुठे येतो यावर ठरते.

तळहात-तळपायांसाठी आयंटोफोरेसिस. हात-पाय नळाच्या पाण्याच्या दोन उथळ ट्रेमध्ये ठेवून त्यातून साधारण १५ ते २० मिलिअँपिअरचा सौम्य विद्युतप्रवाह २०-३० मिनिटे सोडतात. सुरुवातीला आठवड्यातून तीन-चार वेळा आणि फरक पडल्यावर कमी. पेसमेकर बसवलेल्या व्यक्ती आणि गर्भवती यांच्यासाठी हा उपचार नाही. शरीरात धातूची पट्टी किंवा सळई असेल तर आधी सांगावे. ऑनलाइन व्हिडीओ पाहून चार्जर किंवा अडॅप्टरच्या वायरी पाण्यात सोडण्याचा जुगाड मात्र कधीही करू नये. वैद्यकीय यंत्रात प्रवाहावर मर्यादा घातलेली असते, घरच्या वायरीत ती नसते. दोन ओले हात आणि मधे हृदय, एवढे समीकरण जिवावर बेतायला पुरेसे आहे.

काखेसाठी बोटॉक्स. सुरकुत्यांसाठी ओळखले जाणारे हे इंजेक्शन ग्रंथीला मिळणारा रासायनिक निरोप अडवते. काखेतील तीव्र अतिघामासाठी त्याला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. परिणाम साधारण सहा महिने किंवा थोडा अधिक टिकतो, मग पुन्हा घ्यावे लागते आणि दर खेपेचा खर्च हजारांत जातो. तळहातातही ते देतात, पण तिथे टोचणे बरेच दुखते आणि काही आठवडे पकड सैल पडू शकते.

ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्या सर्वांगाचा घाम कमी करतात. सोबत तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, अंधुक दिसणे, लघवी अडणे हेही येऊ शकते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ते आधी सांगायला हवे. उन्हात काम करणाऱ्यांसाठी आणखी एक धोका असतो. घामच थांबला तर शरीर गार होणार कसे? बांधकामावर, शेतात किंवा दुचाकीवर दिवस काढणाऱ्यांनी ही गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नये.

शस्त्रक्रियेने घाम कायमचा थांबतो का?

तळहातांचा बहुधा थांबतो, पण हिशेब तिथे संपत नाही. ‘ईटीएस’ या शस्त्रक्रियेत काखेखाली छोटी छिद्रे पाडून, दुर्बिणीच्या साह्याने छातीच्या आतील सिंपथेटिक मज्जातंतूंची साखळी कापतात किंवा तिला क्लिप लावतात. शुद्धीवर येतानाच हात कोरडे असतात. जाहिरातींत दाखवतात तो क्षण हाच.

पुढे अनेकांना पाठ, पोट, मांड्या यांवर नव्याने जास्त घाम येऊ लागतो. याला भरपाईचा घाम म्हणतात. बहुतेकांना तो सोसण्यासारखा असतो. काहींना मात्र दिवसातून दोन-तीनदा शर्ट बदलावा लागतो आणि ओले हात परवडले असते असे वाटू लागते. शस्त्रक्रिया उलटवता येईल याची खात्री देता येत नाही. क्लिप काढल्यावरही सर्वांना आराम पडत नाही. फुप्फुसाभोवती हवा साठणे किंवा पापणी कायमची खाली उतरणे हे धोकेही आहेत, प्रमाण कमी असले तरी.

म्हणून पहिल्याच भेटीत शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर थांबून विचारावे : आधीच्या पायऱ्या करून पाहिल्या का? मज्जातंतू नेमका कोणत्या पातळीवर कापणार? तुमच्या रुग्णांपैकी किती जणांना भरपाईचा घाम आला? बारावी किंवा मुलाखत तोंडावर आहे, म्हणून घाईने घेण्याचा हा निर्णय नाही. तेवढ्या दिवसांसाठी लावायचे द्रावण किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी पुरेशी ठरू शकते.

सहकाऱ्याच्या अंगाला वास येत असेल तर?

स्वतःचा वास स्वतःला जाणवत नाही, कारण सतत असलेल्या गंधाकडे मेंदू दुर्लक्ष करतो. त्यामुळे समोरची व्यक्ती निष्काळजी आहे असे गृहीत धरू नये. ग्रुपवर टोमणे मारण्याऐवजी किंवा टेबलावर निनावी डिओ ठेवण्याऐवजी, जवळच्या एकानेच बाजूला घेऊन सांगावे. ‘अरे, रागावू नकोस, दुपारनंतर तुझ्या शर्टाला वास येतो. माझ्याबाबतीत असतं तर मला कुणी सांगितलेलं आवडलं असतं,’ एवढे पुरते.

याची उलटी बाजूही आहे. काही जणांना अंगाला वास येत नसतानाही येतो असेच वाटत राहते. ते दिवसातून पाच-सहा वेळा आंघोळ करतात, शेजारच्याने नाकाला हात लावला तरी स्वतःवर घेतात, बाहेर जाणे टाळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ताज्या वर्गीकरणात याची मानसिक विकार म्हणून नोंद आहे. इथे उपाय डिओ नव्हे, तर मानसोपचारतज्ज्ञ.

दाखवायचे कुणाला आणि सांगायचे काय?

त्वचारोगतज्ज्ञाला. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हा विभाग ‘त्वचा व गुप्तरोग’ या पाटीखाली असतो. पाटी वाचून अनेक तरुण मागे फिरतात. पण अतिघामाच्या रुग्णांसाठीही केसपेपर तिथलाच काढायचा असतो.

जाण्यापूर्वी चार गोष्टी लिहून न्याव्यात : घाम कुठे येतो, कधीपासून, झोपेत थांबतो का आणि कोणत्या औषधांच्या गोळ्या सुरू आहेत. मग त्रास किती, याचे चार पायऱ्यांत उत्तर द्यावे : जाणवतच नाही, सोसतो पण कधीकधी कामात अडथळा, जेमतेम सोसतो आणि वारंवार अडथळा, असह्य आणि सतत अडथळा. डॉक्टर हीच मोजपट्टी वापरतात. तिसरी-चौथी पायरी म्हणजे तीव्र त्रास. उपचारानंतर हेच उत्तर पुन्हा दिले की फरक पडला की नाही, ते कळते.